लोणी काळभोरची रंगीत तालीम

हे मी कुणालाच सांगणार नव्हतो. पण लोणी काळभोरचा विषय तुम्हीच काढलात, चहा अजून उकळतोय, आणि हसायला तुम्हाला माझ्याशिवाय दुसरं कोण मिळणार? तेव्हा ऐका. फक्त एक अट आहे. शेवटी मला शहाणपण शिकवायचं नाही. ते मी स्वतःला तेव्हापासून रोज शिकवतोय.

आधी माझं काम. ते काय आहे हे तुमच्यातल्या निम्म्यांना आजही ठाऊक नाही, हे मला माहीत आहे. आमच्या ऑफिसात त्याला मॉडेलिंग म्हणतात. हा शब्द आमच्या मावशीने माझ्या लग्नाच्या खटपटीत एकदा वापरला, "मुलगा मॉडेलिंग करतो" म्हणून. मुलीच्या वडिलांनी मला वरपासून खालपर्यंत असं काही न्याहाळलं, की पोहे अर्धे टाकून मी उठलो. तर ते मॉडेलिंग नव्हे. एखाद्या कारखान्यातून विषारी वायू गळला, तर तो वाऱ्याबरोबर कुठे जाईल, किती वेळात जाईल, हे संगणकावर आधीच मांडून ठेवायचं. नकाशावर गळतीच्या जागेपासून एक लांबट शेपूट निघतं. जवळ लाल, मग केशरी, मग पिवळं. त्या शेपटाखाली कुणाची शाळा येते, कुणाचं घर येतं ते बघायचं, आणि लोकांना कुठल्या रस्त्याने बाहेर काढायचं ते ठरवायचं. यातच माझी पन्नाशी उलटली.

आता वृंदा. हिच्याबद्दल तुमच्याशी मी कधी बोललो नाही.

कॉलेजात आमचा नाटकाचा गट होता. वृंदा नायिका. मी प्रॉम्प्टर. म्हणजे संहिता हातात घेऊन विंगेत अंधारात उभं राहायचं, आणि कुणी वाक्य विसरलं की हळूच पुरवायचं. तिचं पाठांतर कच्चं होतं, हे माझं नशीब. वाक्य अडलं की ती मान न वळवता नुसते डोळे माझ्याकडे फिरवायची. त्या नजरेसाठी मी सगळे अंक उभा राहायचो. तिची सगळी वाक्यं मी तिच्याआधी म्हटली. माझं स्वतःचं एकच वाक्य होतं, ते म्हणायचं तेवढं राहून गेलं. मग तिचं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली. मी वाऱ्याचा अभ्यास करायला लागलो.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं? हो, इतकी वर्षं. माणूस काही झुरत बसून राहत नाही. ऑफिसला जातो, दळण आणतो, गॅसचा नंबर लावतो. पण कधीतरी मंडईत कुणीतरी मान न वळवता बघतं, आणि हातातली भाजीची पिशवी एकदम जड होते. पुढचा सगळा दिवस मग तसाच जातो.

गेल्या हिवाळ्यात ती नारायण पेठेत भेटली. चहाच्या दुकानाबाहेर, हातात केरसुणी. मी कप तोंडाला लावलेला.

"श्री? तू अजून इथेच?"

"मी कुठे जाणार?"

"हो ना बाप्पा," ती म्हणाली. पुण्यात वाढलेल्या या बाईच्या बोलण्यात नागपूरने हा एक बाप्पा तेवढा घातला होता. मला तो फार आवडला.

नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा परदेशी होता. पावसाळ्यात आई गेली, तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आवरायला ही आली होती. "विकून टाकावा की इथेच येऊन राहावं, ठरत नाहीये रे," ती म्हणाली. "मुलगा म्हणतो, विक. रविवारी परत निघायचंय, त्याच्या आत ठरवायला हवं. पण पुण्यात येऊन तरी काय करू? इथे माझं म्हणावं असं आता कोण राहिलंय?"

बघा हं. या प्रश्नाला जगात एकच उत्तर होतं. 'मी आहे.' दोन शब्द, जोडाक्षरसुद्धा नाही. आणि मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "पार्किंगचा मात्र फार त्रास आहे या भागात."

तिने केरसुणी या हातातून त्या हातात घेतली. मग विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तुझं काय चाललंय हल्ली?"

"गडबडीत आहे. शनिवारी रंगीत तालीम आहे."

इथे घोटाळ्याची नांदी झाली. त्याचं असं आहे, की आपत्ती आली तर काय करायचं याचा सराव करतात ना, त्याला सरकारी भाषेत रंगीत तालीम म्हणतात. अपघात खोटा, पण बंब खरा, रुग्णवाहिका खरी, धावपळ खरी. बैठकांमध्ये हा शब्द इतका ऐकला होता, की त्याचा मूळचा अर्थ माझ्या डोक्यातून पार पुसला गेला होता. आणि वृंदाच्या डोक्यात तेवढा एकच अर्थ होता. पोशाख, रंगभूषा, प्रकाश, सगळं लावून प्रयोगाच्या आधी करतात ती रंगीत तालीम.

तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, अरे वा, हिला वायुगळतीत एवढा रस?

"म्हणजे तू अजून सोडलं नाहीस?"

"कसं सोडणार? पोटापाण्याचं आहे."

"काय सांगतोस. यावर भागतं?"

"भागतं की."

"किती जण आहात?"

"शंभरेक असतील. त्यातले दहाबारा बेशुद्ध पडतात."

"बाप रे. शोकांतिका आहे का?"

"सगळे वेळेवर आले तर नाही."

"आणि तुझ्याकडे काय?"

"वारा. कुठून येतो, किती येतो, ते सगळं मी बघतो."

"म्हणजे तांत्रिक बाजू. आणि प्रयोग कधी?"

प्रयोग म्हणजे हिला प्रत्यक्ष दुर्घटना म्हणायचंय, असं मी समजलो. म्हणालो, "प्रयोग होऊच नये, म्हणून तर एवढी तालीम."

"फारच प्रायोगिक दिसतंय," असं काहीतरी ती पुटपुटली. मग म्हणाली, "मी आले तर चालेल?"

चालेल? मी तिला लगेच पत्ता पाठवला. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या पुढे, एका शीतगृहाचं आवार. फळंबटाटे थंड ठेवायला तिथे अमोनिया वापरतात. तो गळला असं समजून सगळा सराव. पण पत्त्यात मी फक्त 'शीतगृहाचं आवार' असं लिहिलं. तिचं उत्तर आलं, "खुल्या आवारात? छान."

माझा बेत अगदी साधा होता. तालीम आटोपली की परत येताना वाटेत कुठेतरी जेवायला थांबायचं, आणि ताट समोर यायच्या आत बोलून टाकायचं. पुण्यातच राहा, मी आहे. सिग्नलला स्कूटरवर मी ते म्हणूनही पाहिलं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "काका, मी कात्रजला राहतो, नाहीतर विचार केला असता."

शनिवार उजाडला. सकाळी नऊला गळती सुरू व्हायची होती. वायू दिसावा म्हणून आम्ही पिवळ्या धुराचे डबे ठेवतो. निरुपद्रवी असतो तो, फार तर कपड्यांना रंग लागतो. थंडीच्या दिवसांत तिथे सकाळी पूर्वेकडून हलका वारा असतो, म्हणजे धूर पश्चिमेच्या मोकळ्या रानात जाणार. म्हणून पाहुण्यांचा मांडव मी पूर्वेला घालायला लावला. वृंदाची खुर्ची तर मी स्वतः उचलून मांडवाच्या पार पूर्वेच्या टोकाला ठेवली.

ती आली ती मोरपिशी रेशमी साडी नेसून, केसांत गजरा, हातात पेढ्यांचा पुडा.

"पेढे कशाला?"

"कलाकारांना," ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय. तेवढ्यात गावातले एक तात्या आले. ते आमच्या ठरलेल्या बेशुद्धांपैकी. गळ्यात 'गंभीर' असं लाल कार्ड.

"सायेब, म्या कवा पडायचं?"

"भोंगा झाला की."

"आन् पडल्यावर च्या हाय का?"

"आहे."

"मंग पडतो," म्हणून तात्या सावली बघायला गेले.

"किती सहज करतात रे," वृंदा कौतुकाने म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तिसरी घंटा कधी?"

"घंटा नाही, भोंगा असतो."

"हे नवीन आहे," ती म्हणाली, आणि पदर सावरून बसली.

नऊ वाजले, साडेनऊ झाले, दहा झाले. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. ज्या समितीनं हा सगळा कार्यक्रम लिहून काढला होता, तिच्या प्रमुख जाधव मॅडमना मी जाऊन म्हटलं, "मॅडम, सुरू करूया का? दुपारकडे वारा फिरतो. पश्चिमेकडून यायला लागला तर धूर सरळ मांडवात येईल."

"पाहुण्यांशिवाय गळती सुरू करता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "असं करा, पाहुण्यांचं मी बघते. वाऱ्याचं तुम्ही बघा."

बरोबरच होतं त्यांचं. मला पगार त्याचाच मिळतो. मांडव हलवणं शक्य नव्हतं, पण लोकांना उठवून दुसऱ्या बाजूला बसवता आलं असतं. खांबाला एक फडकं बांधून त्याच्यावर नजर ठेवता आली असती. मी मात्र वृंदाच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, तिथे जाऊन बसलो.

ती नागपूरचं सांगत होती. उन्हाळ्याचं, शेजाऱ्यांचं, मुलाच्या फोनचं. मग म्हणाली, "संध्याकाळी दिवा लावला ना, की घर फार शांत होतं. मग मी आपली जुनी वाक्यं म्हणत बसते. आपल्या नाटकांतली. मधेच अडतात. अडली की सवयीनं डोळे उजवीकडे जातात."

"मग?"

"मग काय. तिथे फ्रिज आहे."

ती हसली. मला हसता येईना. उजवी विंग माझी होती. मला कळत होतं, की मी एकटाच विंगेत उभा नव्हतो इतकी वर्षं, तीही कुठेतरी तशीच अडून उभी होती. तिला पुन्हा एकदा तशी अडलेली बघावी आणि शब्द पुरवावा, याहून जास्त मला आयुष्यात काही नको होतं. बोलायची वेळ होती तर हीच होती. पण आजूबाजूला माणसं होती आणि जेवणाला थांबायचा बेत ठरलेला होता. मी तिच्या गजऱ्याकडे बघत बसलो. गजरा हलत होता. कुठल्या बाजूला हलतोय, एवढंसुद्धा वाऱ्याचा पगार घेणाऱ्या या माणसाच्या लक्षात आलं नाही.

बाराच्या सुमाराला पाहुणे आले. गळतीचं उद्घाटन नारळ फोडून झालं. नारळ फुटलेला बघून वृंदाने हात जोडले, कारण प्रयोगाआधी तो फोडतातच. मग भोंगा झाला, डब्यांतून धूर निघाला, क्षणभर सरळ वर गेला, जरा विचारात पडल्यासारखा थांबला आणि आमच्याकडे वळला.

पुढे जे झालं ते सांगायलाही लाज वाटते. प्रमुख पाहुणे नुकतीच मिळालेली शाल नाकाला लावून गाडीकडे पळाले. त्यांच्यामागे अर्धा मांडव पळाला. ठरलेले बेशुद्ध ठरल्याप्रमाणे पडले. तात्या पडले, ऊन लागायला लागलं तसे उठून सावलीत जाऊन पुन्हा पडले. त्या पिवळ्या धुरात मी "वृंदा, वृंदा" करत खुर्च्यांना अडखळत होतो.

आणि वृंदाला काय वाटलं? तिला वाटलं, हे नाटक प्रेक्षकांनाही आत ओढतं. ती उठून उभी राहिली, एक हात कपाळाला लावला, एक पाऊल पुढे आली आणि कोसळली. काय कोसळली म्हणता. इतक्या वर्षांनी बाई पडली, पण पडण्यात खोट नव्हती.

स्ट्रेचर घेऊन लोक धावत आले. डॉक्टरने तिच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे लाल, पिवळं, हिरवं, कुठलंच कार्ड नव्हतं. डॉक्टर ओरडला, "ही तालमीतली नाही. ही खरी आहे."

झालं. सगळ्या खोट्या रुग्णांना टाकून सगळी फौज तिच्याकडे धावली. तिला उचललं, रुग्णवाहिकेत घातलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. मी मागून उडी मारून आत चढलो. धूर निरुपद्रवी आहे हे मला माहीत होतं. डबे मीच मागवले होते, त्यांच्यावरचं बारीक अक्षरही मीच वाचलं होतं. पण ती डोळे उघडत नव्हती, आणि तिच्या गजऱ्यावर, पापण्यांवर पिवळा थर बसला होता. त्या क्षणी मला विज्ञान आठवलं नाही. ही आता चालली, आणि मी अजून काही बोललेलो नाही, एवढंच कळत होतं.

मी तिचा हात धरला. "वृंदा, जाऊ नकोस," मी म्हणालो. "पुण्यातच राहा. तुझं म्हणावं असं इथे कुणी नाही म्हणालीस ना? मी आहे. पहिल्यापासून मीच आहे."

बोललो बरं का मी. शंका घेऊ नका, डॉक्टर साक्षीला होता.

तिने माझा हात दाबला. मग दुसऱ्या हाताने मास्क जरासा वर केला आणि डोळे मिटूनच कुजबुजली, "वा, श्री. फक्त आवाज थोडा वाढव."

"तू शुद्धीवर आहेस?"

"अरे, काम करतेय. बरं पडले ना मी? प्रेक्षकांनाही घेतात हे आधी सांगायचं तरी. साडी साधी नेसून आले असते."

"काम? कसलं काम?"

"नाटकातलं," तिने डोळे उघडले. "रंगीत तालीम आहे ना?"

आता मला सगळं उलगडलं. मी अमोनिया, शीतगृह, सराव असं एका दमात सांगितलं. ती उठून बसली. डॉक्टरने मास्क काढून घेतला आणि ऑक्सिजन बंद केला. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून बघायला लागला.

ती रविवारी गेली, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच आशा लावून बसाल. फ्लॅटही विकला. तिथे आता कुठलासा क्लास चालतो, जिन्यात चपला पडलेल्या असतात. मी त्या रस्त्याने जातो अजून, काम नसलं तरी. तिसऱ्या मजल्याकडे बघतो आणि पुढे होतो. पण ती जायलाच हवी होती असं नाही. त्या रुग्णवाहिकेत तिने मला पुरेपूर संधी दिली होती. ती कशी घालवली तेवढं ऐका.

मागून जाधव मॅडमची जीप आली. त्यांनी रुग्णवाहिकेचं दार उघडलं. एक फोन कानाला, दुसरा हातात.

"पेशंट खरी आहे की तालमीतली? मला वर कळवायचंय."

"तालमीतली," डॉक्टर म्हणाला.

वृंदाने मॅडमकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"श्री," ती म्हणाली, "मी पडले ते खोटं. तू आत्ता जे बोललास ते?"

डॉक्टर बघत होता. ड्रायव्हर बघत होता. जाधव मॅडमनी फोन कानापासून जरा लांब धरला. सगळी रुग्णवाहिका माझ्या तोंडाकडे बघत होती.

"ते पण," मी म्हणालो, "तालमीतलंच."

ती पदरावरचा पिवळा रंग हळूहळू झटकत राहिली. तो निघत नव्हता.

"फार छान होतं," शेवटी ती म्हणाली. "कुणी लिहिलंय?"

बघा, तिने पुन्हा विचारलं होतं. इतकं सरळ, इतकं सोपं करून कोण कुणाला दुसऱ्यांदा विचारतं? मला फक्त 'मी' म्हणायचं होतं.

मी घसा साफ केला, आणि जाधव मॅडमना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "समितीनं."